मदत हवी आहे : नोव्हेंबरमध्ये अंदमानातील कोणती जंगलवाट निवडावी?

सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही चौघे सोलापूरहून अंदमानास जात आहोत. ७३२ मीटर उंचीचे सॅडल पीक आणि माउंट हॅरिएटहून (२०२१ पासून माउंट मणिपूर) मधुबनकडे उतरणारी वाट, यांपैकी एकच करण्याइतका वेळ हाती आहे. सॅडल पीकसाठी दिगलीपूरपर्यंतच्या प्रवासात एक दिवस जाईल, याची तयारी आहे. येथील दोन सहल कंपन्यांकडे चौकशी केली, परंतु पत्रकांत समुद्रकिनारे आणि सेल्युलर जेल याखेरीज काही नाही. आमचा सराव कोरड्या माळरानावरचा. वडिलांना चढ जमतो, मात्र निसरड्या उतारावर त्यांचा गुडघा दगा देतो. ईशान्य मोसमी पाऊस तेव्हाही पडतो, म्हणून तेथे नोव्हेंबरमध्ये प्रत्यक्ष चाललेल्यांना विचारतो : चिखल आणि जळवा यांचा त्रास कोणत्या वाटेवर कमी होतो?