प्राणिसंख्येतील केऑस: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी नेमका प्रश्न कोणता घ्यावा?

प्रश्न
नमस्कार. मी पुण्यात एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी हाती एकच सत्र आहे. परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये ज्या लॉजिस्टिक समीकरणाकडे (एका पिढीच्या संख्येवरून पुढच्या पिढीची संख्या काढणाऱ्या साध्या सूत्राकडे) सर्वांचे लक्ष वेधले, ते मी संगणकावर चालवून पाहिले. वाढीचा दर ३ च्या पुढे गेला की संख्या दोन, मग चार, मग आठ मूल्यांमध्ये फिरते आणि ३.५७ च्या आसपास केऑस सुरू होतो, म्हणजे नियम ठरलेला असूनही संख्या कधीच तंतोतंत पुन्हा न येता अनियमित फिरते आणि सुरुवातीच्या किंचित फरकानेही पुढे फार बदलते. परंतु हे सारे पाठ्यपुस्तकांत आलेले आहे. मुठेकाठच्या डासांच्या काही वर्षांच्या मासिक नोंदी मिळवून त्यांत केऑस दाखवता येईल का?

उत्तर १
तो मार्ग टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. मासिक नोंदी म्हणजे वर्षाला जेमतेम बारा आकडे. त्यांत पावसाळ्याचा चढउतार आणि मोजणीतील चुका इतक्या मिसळलेल्या असतात की ल्यापुनोव्ह घातांक (सुरुवातीचा किंचित फरक किती वेगाने वाढतो याचे माप; तो धन असणे ही केऑसची खूण) धन आला तरी त्यावर विश्वास ठेवता येत नाही. त्याऐवजी रिकर यांचे समीकरण घ्या; तेही पिढीगणिक संख्या काढणारे सूत्र आहे, पण त्यात गर्दी वाढेल तशी वाढ घातांकी फलनाने घटते. धारणक्षमता (परिसराला पेलवणारी संख्या) १००० आणि वाढीचा दर ३ ठेवला, तर ३३३ ची संख्या पुढच्या पिढीत सुमारे २४६३ होते आणि त्यानंतरच्या पिढीत ३१ वर कोसळते. आता प्रत्येक पिढीत बाहेरून ठरावीक प्राणी येऊन मिळतात असे धरा आणि ते किती आले म्हणजे केऑस मावळून साधी आवर्तने उरतात, ते शोधा. प्रश्न लहान आहे, पण त्यात सिद्ध करण्यासारखे गणितही आहे.

उत्तर २
मी जीवशास्त्राकडची आहे. प्रयोगाचा मोह झालाच, तर पिठातील ट्रायबोलियम भुंगेऱ्यांवरचे १९९७ मधील काम आधी वाचा. प्रौढ भुंगेरे स्वतःच्याच जातीची अंडी आणि कोष खातात; संशोधकांनी प्रौढांचा मृत्युदर आणि नव्या प्रौढांची भर स्वतः नियंत्रित करून संख्या केऑसपर्यंत नेली. मात्र त्या प्रतिमानाची एक पायरी दोन आठवड्यांची आहे, त्यामुळे एका सत्रात तुमच्या हाती बारा-तेरा नोंदीच येतील. प्रयोग स्वतः न करता ते प्रतिमान अभ्यासणेच बरे.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. रिकर समीकरणच घेते. एक शंका आहे: प्राणी अपूर्णांकात नसतात, मग प्रत्येक पायरीला संख्या पूर्णांकात घ्यावी का?

उत्तर १
फार चांगली शंका आहे, आणि माझ्या मते प्रकल्पाचा गाभा हाच व्हावा. संख्या पूर्णांकात घेतली आणि तिला वरची मर्यादा असली, तर शक्य मूल्ये मोजकीच उरतात; यादृच्छिक बदल नसेल तर कधी ना कधी एखादे मूल्य पुन्हा येणारच आणि तिथून पुढे आवर्तन अटळ आहे. म्हणजे काटेकोर अर्थाने केऑस उरतच नाही. धारणक्षमता १००, १००० आणि १०,००० ठेवून ही आवर्तने किती लांब होतात ते तपासा, मग त्यात थोडी यादृच्छिकता मिसळा. मार्गदर्शकांसमोर हे एका पानात मांडता येईल.