पॉलिमर बदलण्याआधी ढवळणी तपासा

नाशिकच्या सातपूरमधल्या एका ईटीपीत (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) पॉलिमरचा, म्हणजे पाण्यातले कण जोडणाऱ्या रसायनाचा, डोस दुप्पट करूनही फ्लॉक (कण जुळून झालेले पुंजके) बारीकच राहतो, म्हणून दुसऱ्या कंपनीचं पॉलिमर घ्यावं का, असं एकाने विचारलंय. माझं मत: थांबा, आधी ढवळणी बघा.

पहिली जागा पॉलिमरच्या द्रावणाची टाकी. १००० लिटरला १ किलो पावडर, म्हणजे ०.१ टक्का. पाणी फिरत असताना पावडर भुरभुरत टाकायची. एकदम ओतली की साबुदाण्यासारख्या चिकट गाठी होतात, आतली पावडर कोरडीच राहते आणि तेवढं पॉलिमर फुकट. नंतर मोठ्या पात्याच्या स्टररने हळू ४५-६० मिनिटं. वेगाने घुसळलं तर लांब साखळ्या तुटतात, आणि कण जोडायचं काम त्या साखळ्यांचंच.

डोसिंगला सेंट्रिफ्यूगल पंप असेल तर काढा, त्याच्या वेगाने फिरणाऱ्या पात्यांतही साखळ्या तुटतात. डायफ्राम किंवा स्क्रू पंप लावा.

तुरटी फ्लॅश मिक्सरमध्ये (वेगाने ढवळणारी टाकी) सांडपाण्यात जोरात मिसळू द्या, पॉलिमर त्यानंतर निदान मिनिटभराने. ते पडतं तिथे काही सेकंद नीट पसरेल एवढीच हालचाल हवी, पुढे संथ. फ्लॉक झाल्यावर वाटेत पंप, अर्धवट उघडा व्हॉल्व्ह किंवा उंचावरून पडणारं पाणी नको. फुटलेला फ्लॉक पुन्हा पहिल्यासारखा जुळत नाही.

फ्लॉक्युलेटरमधून (फ्लॉक बनवणारी संथ ढवळणीची टाकी) बाहेर पडताना आणि क्लॅरिफायरच्या (फ्लॉक तळाशी बसवणारी टाकी) आत शिरताना, दोन्हीकडचं पाणी काचेच्या बीकरमध्ये अलगद घ्या. फ्लॉक आधी मोठा नि नंतर बारीक दिसला, तर दोष मधल्या पाइपात. दोन्हीकडे बारीकच असेल तर द्रावणाची टाकी आणि डोसिंग पॉइंट (पॉलिमर पडतं ती जागा) बघा. डोस वाढवणं शेवटी. जास्त पॉलिमरने गढूळपणा उलट वाढतो.