‘वापरकर्ता चाचणी’: चाचणी नेमकी कोणाची?

प्रश्न

आमच्याकडे अ‍ॅप किंवा संकेतस्थळ तपासताना ‘युजर टेस्टिंग’, ‘युजेबिलिटी टेस्टिंग’ आणि ‘यूएक्स (युजर एक्सपिरियन्स) इव्हॅल्युएशन’ या तिन्हींसाठी सर्रास ‘वापरकर्ता चाचणी’ लिहितात. एकच शब्द चालेल का? आणि मूल्यमापन म्हणावं की मूल्यांकन?

प्रतिसाद

एक शब्द पुरणार नाही, आणि निवडलेला शब्द तर बदलायलाच हवा. रक्तचाचणीत रक्त तपासतात. त्याच चालीने ‘वापरकर्ता चाचणी’ ऐकणाऱ्याला आपलीच परीक्षा आहे असं वाटतं. मग माणूस अडखळला की लपवतो, ‘माझंच चुकलं असेल’ म्हणतो आणि जे बघायला आपण बसलो आहोत तेच झाकलं जातं. ‘वापरसुलभता चाचणी’ म्हटलं की तपासणी कशाची ते स्पष्ट होतं.

वापरसुलभतेला नेमकी व्याख्याही आहे. आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ११व्या भागात (२०१८) ती ठरावीक वापरकर्ते, ठरावीक उद्दिष्टं आणि ठरावीक परिस्थिती यांना बांधलेली आहे. परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान या तीन अंगांनी ती पाहायची. ‘वापरकर्ता अनुभव’ याहून मोठा. त्याच मानकाच्या २१०व्या भागात प्रत्यक्ष वापराबरोबर वापराच्या अपेक्षेतून मनात उमटणारी प्रतिक्रियाही त्यात धरली आहे. काम किती मिनिटांत झालं एवढं मोजून अनुभव हाती लागत नाही.

‘मूल्यमापन’ या सगळ्याला कवेत घेतं. वापरसुलभतेचे अभ्यासक नील्सन आणि मोलिच यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पद्धतीत तज्ज्ञच ठरलेल्या निकषांवर अ‍ॅपचे पडदे (स्क्रीन) तपासतात, तिथे वापरकर्ता समोर नसतोच. त्याला चाचणी म्हणू नये.

प्रतिसाद

मूल्यांकनाबद्दल माझं मत: त्यात ‘अंक’ आहे, त्यामुळे गुण किंवा किंमत ठरवण्यापुरता तो ठेवावा. हिंदीत तो सरसकट चालतो, मराठीत ‘मूल्यमापन’ रुळलेलं आहे.

गुणांवरून एक आठवलं. ‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’ ही वापरसुलभता मोजणारी जॉन ब्रूक यांची १९८६ची दहा विधानांची प्रश्नावली, प्रत्येक विधानाला १ ते ५ मधला आकडा द्यायचा. तिचे गुण ० ते १०० मध्ये येतात म्हणून अहवालात ‘७० टक्के’ लिहितात. ते टक्के नाहीत! विषम क्रमांकाच्या विधानाच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाचं उत्तर ५ मधून वजा करायचं आणि बेरजेला २.५ ने गुणायचं, असा तो आकडा तयार होतो. सरासरी ६८ च्या आसपास धरतात, म्हणजे ७० हा मधलाच गुण. ‘टक्के’ वाचून कुणी त्याला प्रथम श्रेणी समजेल. ‘७० गुण’ लिहावं.

प्रश्नकर्ता

आभार. पाच जणांवर चाचणी केली तर अहवालात काय लिहावं? पाचपैकी चौघांना काम जमलं, म्हणजे ८० टक्के?

प्रतिसाद

‘पाचपैकी चौघे’ असंच लिहा. इथे शिक्षणक्षेत्रातले दोन शब्द उपयोगी पडतात: आकारिक मूल्यमापन आणि संकलित मूल्यमापन. मायकेल स्क्रिव्हेन यांनी १९६७ मध्ये हा भेद मांडला. काम घडत असताना सुधारण्यासाठी करतो ते आकारिक, घडून गेल्यावर कितपत जमलं हे ठरवण्यासाठी करतो ते संकलित.

पाच जणांचा आकडा आकारिकातला. नील्सन आणि लँडॉवर यांच्या १९९३च्या गणितात एका व्यक्तीमागे सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात, पाच जणांत सुमारे ८५ टक्के. हे टक्के अडचणींचे आहेत, यशस्वी माणसांचे नाहीत. शिवाय ती सरासरी, गुंतागुंतीच्या प्रणालीत कमीही सापडतील. संकलितासाठी माणसं बरीच जास्त लागतात.

प्रतिसाद

मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते चाचणीत प्रत्यक्ष तोंडून निघणारे शब्द. पडद्यावर ‘तक्रार नोंदवा’ असं बटण असेल आणि कामाच्या चिठ्ठीतही ‘तक्रार नोंदवा’ लिहिलं, तर समोरचा माणूस फक्त शब्दाला शब्द जुळवतो. चिठ्ठीत प्रसंग द्यावा: ‘तुम्ही मागवलेली वस्तू फुटलेली आली. आता काय कराल?’ मग तो ‘तक्रार’ शोधतो की ‘मदत’ की ‘परत करा’, ते कळतं. बटणावर कोणता शब्द हवा याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच मिळतं.

‘सोपं वाटलं ना?’ कधीच विचारू नये. त्या ‘ना’मध्ये होकार आधीच मागितलेला असतो. ‘कसं वाटलं?’ विचारून गप्प बसावं.

‘थिंक अलाउड’ म्हणजे काम करता करता मनातलं बोलून दाखवण्याची पद्धत. तिच्यासाठी ‘मोठ्याने विचार करा’ असं सांगितलं की लोक बावचळतात. मी ‘मनात येईल ते बोलत राहा’ म्हणतो. बोलणं थांबलं तर ‘आता काय बघताय?’ एवढंच. ‘हे असं का केलंत?’ हा प्रश्न काम संपेपर्यंत राखून ठेवावा, कारण मध्येच विचारला की माणूस समर्थन देऊ लागतो आणि पुढची पावलं जपून टाकतो.