गाडीत डग्ग्याचा घुमारा ऐकू यावा म्हणून कोणता सबवूफर घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी वॅगन-आर सीएनजी. डिकीत टाकी आहे, तिच्यापुढे जेमतेम दोन पिशव्या मावतात. रोज नाशिक–सिन्नर ये-जा असते आणि त्या वेळात ख्याल नाहीतर तबला सोलो ऐकतो. दारातले स्पीकर गेल्या वर्षी बदलले. आवाज स्वच्छ येतो, पण तंबोऱ्याची खर्जाची तार कुणी काढून ठेवल्यासारखी वाटते. काळी एकचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, म्हणजे खर्ज, खालच्या सप्तकातला सा, ६९ च्या आसपास. तिथे या स्पीकरांचा दम संपतो.

परवा एका दुकानात १२ इंची सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) ऐकला, पोर्टवाल्या म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या खोक्यातला. त्यांनी डीजेचं गाणं लावलं, मागची काच थरथरली. मग मी तबला लावायला सांगितला. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड कुठे गेली कळेना. प्रत्येक ‘घे’ला तोच धपका, आणि मागे रेंगाळणारी गुणगुण. ‘१२०० वॅट आहे साहेब,’ असं सांगत होते. खोक्यावर बारीक अक्षरात आरएमएस, म्हणजे सतत पेलणारी खरी ताकद, ३०० होती.

फिटिंगसकट १५ हजारांपर्यंत जाऊ शकतो. सीटखालचा ८ इंची घ्यावा, की टाकीपुढे १० इंची कसाबसा बसवावा? स्टिरिओ कंपनीचाच आहे, मागे आरसीए आउटपुट (सबवूफरला सिग्नल द्यायची पिन) नाही. तो बदलायचा नाहीये.

जुना टेपवाला:
दादा, तुम्ही खर्ज शोधताय, मग सीटखालचा पुरेल. ६९ हर्ट्झ हे काही फार खालचं काम नाही. बंद खोक्यातला १० इंची यापेक्षा सरस वाजेल हे खरं, कारण नोट संपली की तो लगेच थांबतो. पण टाकीपुढे खोकं कोंबू नका, व्हॉल्व्हला हात पोचला पाहिजे.

हाय-लेव्हल इनपुट असलेला घ्या, स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल मिळेल. आरएमएस १५० असेल तर १५ अँपिअरच्या आसपास ओढतो, त्यामुळे वायर थेट बॅटरीवरून आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. लो-पास (वरचे सूर अडवणारं बटण) ८० हर्ट्झवर ठेवा. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून फेजचं बटण ० आणि १८० वर करून पाहा. डग्गा जिथे भरदार वाटेल तिथे सोडा. गेन (सबवूफरला येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) कमीच बरा. सबवूफर वेगळा वाजतोय हे कळायला लागलं की जास्त झाला समजा.

आणि सगळ्यात आधी दारांना डँपिंग शीट लावून घ्या. पत्रा थरथरत असेल तर पुढचा खर्च वाया जातो.

धागाकर्ता:
मनापासून आभार. पत्रा थरथरतोच, आज हात लावून पाहिला. रविवारी डँपिंग करून घेतो. फक्त एक सांगा, बॅटरीची वायर केबिनमध्ये आणायला नवीन भोक पाडावं लागतं, की असलेल्या रबरी ग्रोमेटमधून जाते?