छोट्या संगीत सभांमधले कौतुक नेमके कशाचे असते?

मंद्रसप्तक

आमच्या तालुक्याच्या गावी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या सभागृहात शास्त्रीय संगीताची सभा भरते. वर्गणीदार दीडशेच्या आसपास, बैठक सतरंजीवर, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागे खुर्च्यांच्या दोन रांगा. गेल्या सभेत एका तरुण गायिकेने मारवा राग मांडला. पहिली वीस मिनिटे उत्तम गेली. षड्ज (सा) टाळून कोमल ऋषभावर (रे) आणि धैवतावर (ध) ठेहराव घेण्याचे धाडस तिने केले आणि मारव्याची ती अस्वस्थ हुरहुर सर्वांपर्यंत पोहोचली. पुढे मात्र ती निषाद-गंधाराच्या (नी-ग) संगतीत रमली, मंद्रात म्हणजे खालच्या सप्तकात उतरली आणि राग नकळत पुरिया या जवळच्या रागाकडे झुकला. स्वर दोन्ही रागांचे तेच आणि पंचम (प) दोन्हींत वर्ज्य, त्यामुळे कोणत्या स्वरावर किती थांबायचे यावरच सगळी मदार असते.

चार दिवसांनी स्थानिक वृत्तपत्रात वृत्तांत आला. त्यात ‘मारव्याच्या सुरांनी रसिक मंत्रमुग्ध’ झाले होते. आदल्या महिन्यात सतारवादन झाले, तेव्हाही रसिक मंत्रमुग्धच झाले होते. फक्त मारव्याच्या जागी बागेश्री होता.

माझा आक्षेप कौतुकाला नाही. त्या गायिकेचे कौतुक व्हायलाच हवे होते, पण पहिल्या वीस मिनिटांतल्या ऋषभाचे. आणि तो ऋषभ ज्याने ऐकला त्यालाच नंतरचा पुरियाही ऐकू आला असता. म्हणजे आपण दोष लपवतो असे म्हणताना खरे तर गुणही सांगत नाही. संगीतसमीक्षक केशवराव भोळे यांनी १९३० च्या दशकात ‘एकलव्य’ या टोपणनावाने नामवंत गायकांवर लिहिले, तेव्हा आवाजाचा लगाव, लय आणि मांडणी यांविषयी नेमकेपणाने लिहिण्याची वाट मराठीत तयार झाली होती. त्या मराठीत आज आपल्याकडे ‘मंत्रमुग्ध’, ‘बहारदार’ आणि ‘उत्तरोत्तर रंगत गेली’ एवढेच उरावे, याचे मला वाईट वाटते.

पाचवी रांग

आपण दिलेला दाखलाच आपल्या विरोधात जातो. भोळे यांनी ज्यांच्यावर लिहिले ते गायक त्या काळी सर्वत्र गाजलेले होते. चार प्रतिकूल ओळींनी त्यांचे आमंत्रण थांबणार नव्हते. आपल्या सभेत येणारी पंचविशीतली गायिका एस.टी.ने येते, तानपुरा मांडीवर सांभाळत येते, आणि तिला मिळणारे मानधन साथीदारांचा प्रवासखर्च वजा जाता सांगण्यासारखे राहत नाही. तिच्या कारकिर्दीतले हे कदाचित चौथे किंवा पाचवे कात्रण असेल. ‘राग पुरियाकडे झुकला’ हे वाक्य दुसऱ्या गावच्या संयोजकाने वाचले, तर तो पुरिया आणि मारवा यांतला भेद समजून घेणार नाही. ही मुलगी रागात चुकते एवढेच तो लक्षात ठेवील.

मी अशा एका मंडळात अकरा वर्षे सतरंज्या घालण्यापासून जमाखर्चापर्यंत सगळे केले आहे. सभा टिकते ती माणसे आपुलकीने येतात म्हणून. चुका सांगायला गुरू आहेत, आणि त्या तालमीच्या खोलीत, दार लावून सांगायच्या असतात.

ठेका

मी तबला वाजवतो, म्हणून दोघांनाही एक विचारतो. या सगळ्या कौतुकात साथीदार कुठे आहे? आमच्या वाट्याला ‘समर्पक साथ केली’ ही तीन शब्दांची ओळ येते, आणि पुष्कळदा नाव चुकीचे छापून येते. विलंबित एकतालाचे आवर्तन बारा मात्रांचेच असते, पण लय अतिविलंबित, म्हणजे फारच संथ असली की ते मिनिटभर चालते. तेवढा वेळ मात्रांमधली मोकळी जागा न डगमगता सांभाळणे, गायकाने बोलआलापात, म्हणजे बंदिशीचे शब्द घेऊन केलेल्या आलापात, वजन हलवले तरी समेचा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचा, भरवसा देत राहणे, आणि हे सारे श्रोत्यांच्या लक्षातही येऊ न देणे, हे काम आहे. पावसाळ्यात कातडे ओल धरते आणि भर गाण्यात तबला उतरतो. तो गायनात खंड न पाडता हातोडीने कधी मिळवून घेतला, हे पाहणारा श्रोता मला आजवर एखादाच भेटला.

तेव्हा मंद्रसप्तक यांच्याशी मी सहमत आहे, पण कारण वेगळे आहे. सरसकट स्तुतीत मुख्य कलाकाराचा फारसा तोटा होत नाही, साथीदार मात्र पुसला जातो.

जुना वर्गणीदार

लेखी परीक्षणाची एवढी ओढ मला कळत नाही. आपल्या संगीताचे परीक्षण गाणे चालू असतानाच होते, त्याला दाद म्हणतात. कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ पासूनचा आणि भास्करबुवा बखले यांनी स्थापन केलेला पुण्याचा भारत गायन समाज १९११ चा. अशा संस्थांभोवती श्रोत्यांच्या पिढ्या घडल्या, आणि त्यांतले अनेक स्वतः थोडेफार शिकलेले होते. अवघड जागेवरून सहज समेवर आलेल्याला पुढच्या रांगेतून एक ‘वा!’ मिळत असे, आणि नुसत्या द्रुत तानांच्या भडिमाराला ती रांग गप्प बसत असे. गवयाला त्यातून सगळे कळत असे. आता टाळी तिहाईला, म्हणजे तीनदा तोच तुकडा घेऊन समेवर येण्याला, पडते आणि ती दरवेळी पडते. बिघडली आहे ती दाद. वृत्तांत लिहिणाऱ्याला कशाला धरता?

मंद्रसप्तक

दाद बिघडली हे मान्य. पण ती सुधारणार कशी? पूर्वीचा श्रोता घरात, देवळात, शेजारच्या पेटीवाल्याकडे ऐकून तयार होत असे. आज आमच्या दीडशेंपैकी शंभर जणांचा शास्त्रीय संगीताशी संबंध या सभेपुरताच आहे. त्यांना मारव्यात षड्ज मुद्दाम टाळतात हे कोणी सांगितले, तर पुढच्या वेळी ते त्या षड्जाची वाट पाहत ऐकतील. वृत्तांत मला हवा आहे तो त्यांच्यासाठी.

पाचवी रांग यांचा कात्रणाचा मुद्दा मात्र वजनदार आहे आणि मी तो आधी ध्यानात घेतला नव्हता. तरीही ‘दार लावून सांगावे’ हे मला पुरते पटत नाही, कारण आपण कलाकाराला दारामागेही काही सांगत नाही. चहाच्या वेळी ‘फार छान झाले’ म्हणतो आणि स्कूटरवर घरी जाताना एकमेकांना पुरियाची गोष्ट सांगतो.

कोमल धैवत

मी स्वतः गाते आणि अशा पुष्कळ सभांमधून गायले आहे. मंद्रसप्तक, आपला कान चांगला असेल, पण तो चुकत नाही हे कोणी ठरवले? रागाच्या सीमारेषा तालमीप्रमाणे, म्हणजे गुरूकडून मिळालेल्या शिकवणीप्रमाणे, थोड्या हलतात. शुद्ध कल्याणात अवरोहातला निषाद एका तालमीत स्पष्ट लावतात, दुसरीत तो मिंडेतून, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, नुसता डोकावून जातो. आपण पहिल्या तालमीत वाढला असाल तर दुसरी आपल्याला अपुरी वाटेल, आणि तेही छापून येईल. त्या गायिकेला उत्तर देण्याची सोय कुठे असेल?

‘मंत्रमुग्ध’ची कात्रणे माझ्याकडे एका फायलीत आहेत, कार्यक्रम मागताना ती उपयोगी पडतात, म्हणून मी त्यांना नावे ठेवणार नाही. पण आठवणीत राहिले ते एका वयस्कर श्रोत्याचे बोलणे. तंबोरे गवसणीत घालत असताना ते जवळ आले आणि म्हणाले, “आज अंतऱ्याचे शब्द कळले, नेहमी घाईत जातात.” ते कौतुक होते की टीका, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही. त्यानंतर मी अंतरा कधी उरकला नाही. हेच वाक्य वर्तमानपत्रात आले असते, तर मला फक्त ‘नेहमी घाईत जातात’ एवढेच दिसले असते.

पाचवी रांग

कोमल धैवत यांनी माझेच म्हणणे माझ्यापेक्षा चांगले मांडले. फक्त ते श्रोते चालत जवळ आले हे विसरू नये. बहुतेक जण येत नाहीत, आणि मीही सतरंज्या गोळा करण्याच्या निमित्ताने लांबच राहतो.

मंद्रसप्तक यांना एक सुचवतो. पुढच्या सभेचा वृत्तांत आपण लिहावा. जे भावले ते स्वराच्या आणि जागेच्या नावासह लिहावे, खटकले ते छापू नये. पण त्या रात्री कलाकाराला स्थानकावर सोडायला जाताना रिक्षात त्याच्याशी बोलावे आणि त्याचेही ऐकून घ्यावे. तबलजींचे नाव मात्र आधी त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्यावे.

मंद्रसप्तक

वृत्तांत लिहीन. खटकलेले अजिबात छापायचे नाही ही अट मला मान्य नाही. ‘उत्तरार्धात पुरियाची छाया जाणवली’ एवढे मी लिहीन, आणि छापण्यापूर्वी गायिकेला वाचून दाखवीन. तिने तालमीचे कारण दिले तर तेही तिच्या शब्दांत येईल.

ठेका

आणि तबला भर गाण्यात उतरला तर?

मंद्रसप्तक

तेही येईल. मिळवून घेतला ते आधी.