लॅब (लॅब्राडोर) गेला, परत कुत्रा आणायची हिंमत होत नाहीये

आमचा शेरू ११ वर्षांचा होऊन मागच्या महिन्यात गेला. अजून संध्याकाळी सात वाजले की हात आपोआप खुंटीवरच्या पट्ट्याकडे जातो, लेक पोळीचा शेवटचा तुकडा ताटात बाजूला ठेवते, शेरूचा म्हणून. आता ती पिल्लू आणूया म्हणून मागे लागलीये, पण परत हेच सगळं सोसायचं का?

उत्तर १: ताई, लॅबचं आयुष्यच १०-१२ वर्षांचं असतं हो, तुम्ही त्याला पुरेपूर जगवलंत. आमची ग्रेट डेन आठव्या वर्षीच गेली, मोठ्या जाती लवकर म्हाताऱ्या होतात. घाई नको, पण लेकीला एकदम नाही पण म्हणू नका.

उत्तर २: आम्ही दोन वर्षं थांबलो मग सोसायटीतलंच गावठी पिल्लू घेतलं, नीट सांभाळलं तर ही १३-१५ वर्षं सहज काढतात. पहिल्याच रात्री ते जुन्याच्या गोधडीवर जाऊन झोपलं आणि मी किचनमधे जाऊन पोटभर रडले. पार्व्हो, डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांची लस मात्र ६-८ आठवड्यांपासून सुरू करा, डोस चुकवू नका.

शेरूची आई: थँक्यू दोघांनाही. पट्टा अजून धुतला नाहीये, त्याचा वास आहे त्याला. रविवारी लेकीला घेऊन नुसतं पिल्लं बघून येते.