अपडेटनंतर त्याच मॉडेलमध्ये पार्किंग मजल्याच्या कॉलमची सळई वाढली. कोणते उत्तर धरावे?

प्रश्न (जळगाव)

नमस्कार. तळाला पार्किंग आणि वर पाच मजले अशा एका निवासी इमारतीचे आरसीसी डिझाइन आमच्या कार्यालयाने केले आहे. फुटिंग भरून झाली असून कॉलम जोत्यापर्यंत आले आहेत. दरम्यान दोनपैकी एका संगणकावर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली गेली. वरच्या मजल्यावरील किरकोळ बदलासाठी तीच फाइल त्यावर चालवली, तेव्हा पार्किंग मजल्यावरील बाहेरच्या रांगेतल्या ३०० बाय ४५० मिमीच्या कॉलमना १६ मिमीच्या आठ सळयांऐवजी २० च्या चार आणि १६ च्या चार सळया लागतात, असे उत्तर आले. वरच्या मजल्यांवर काहीच फरक नाही, आणि जुन्या संगणकावर पूर्वीचेच उत्तर येते. अपडेटच्या टिपणात कॉलम डिझाइनमध्ये आयएस ४५६ (काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक) नुसार सुधारणा केल्याचा त्रोटक उल्लेख आहे. ठेकेदार शटरिंग घेऊन थांबला आहे. यातले कोणते उत्तर धरावे, आणि या सॉफ्टवेअरवर आधी करून दिलेल्या इमारतीही पुन्हा तपासाव्यात का?

उत्तर (धुळे)

सळईची तुलना सर्वांत शेवटी करावी. आधी दोन्ही आवृत्त्यांतील इमारतीचे एकूण वजन, मग दोन्ही दिशांचे टाइम पिरियड (इमारतीच्या एका हेलकाव्याचा काळ) आणि बेस शिअर (भूकंपात तळाशी येणारे एकूण आडवे बल), आणि त्यानंतर त्याच कॉलमचे त्याच लोड कॉम्बिनेशनमधील (एकत्र धरलेल्या भारांतील) अक्षीय बल (उभा दाब) व मोमेंट (वाकवणारा जोर) शेजारी शेजारी मांडावेत. हे सगळे जुळत असेल, तर अ‍ॅनालिसिस बदललेले नाही, बदल डिझाइनच्या भागात आहे, हे निश्चित होते आणि निम्मा घोळ तिथेच मिटतो.

वाढ फक्त पार्किंग मजल्यावर दिसते, यावरून माझा संशय इफेक्टिव्ह लेंथवर, म्हणजे कॉलम वाकण्याच्या हिशेबात धरायच्या लांबीवर जातो. आधाररहित उंचीला एका गुणकाने गुणून ती मिळते. तिथे कॉलमची आधाररहित उंची जास्त असते. कित्येक प्रोग्रॅम हा गुणक आपण भरला नाही तर १ धरतात. नव्या आवृत्तीने तो आयएस ४५६ च्या परिशिष्ट ई मधील आलेखांवरून काढायला सुरुवात केली असेल, तर बाजूला झुकू शकणाऱ्या फ्रेममध्ये तो १ पेक्षा जास्तच येणार. दोन्ही आवृत्त्यांच्या तपशीलवार कॉलम रिपोर्टमध्ये हा आकडा छापलेला असतो, तो पाहून कळवावे.

उत्तर (भुसावळ)

जुन्या इमारतींबद्दल लिहितो. सरसकट सगळ्या पुन्हा चालवण्याची गरज नाही, परंतु ज्या गोष्टीत बदल झाला ती ज्या इमारतींत निर्णायक होती, म्हणजे उघडे पार्किंग आणि ३०० मिमी किंवा त्याहून बारीक, अथवा जास्त उंचीचे कॉलम असलेल्या, त्या नक्की काढून पाहाव्यात.

आमच्याकडे एका प्रकल्पाला एकच आवृत्ती, असा नियम आहे. आवृत्तीचा क्रमांक डिझाइन रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहिला जातो आणि शेवटचे ड्रॉइंग निघेपर्यंत त्या संगणकावरचे आपोआप होणारे अपडेट बंद असते. नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुनीत बहुधा उघडत नाही, म्हणून अपडेटपूर्वी मॉडेलची मजकूर स्वरूपातील प्रत वेगळी ठेवावी. स्टॅड या डिझाइन सॉफ्टवेअरची मूळ फाइलच मजकुराची असते आणि ईटॅब्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधूनही तशी प्रत काढता येते. शिवाय एक बीम, एक कॉलम आणि एक छोटी फ्रेम अशी हाताने सोडवलेली उदाहरणे ठेवून प्रत्येक नवी आवृत्ती आधी त्यांवर चालवावी. हे कंटाळवाणे आहे, हे मान्य. पण १९९१ साली नॉर्वेत स्लाइपनर ए या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया बुडाला, त्याच्या संगणकीय विश्लेषणात घटकांची जाळी (गणितासाठी पाडलेले तुकडे) जाड घेतल्यामुळे भिंतीतील शिअर (कातरणारे बल) ४७ टक्क्यांनी कमी आला होता. पुढे हाताने केलेल्या हिशेबात ती भिंत पाण्यात ६२ मीटर खोलीवर निकामी होईल असे निघाले, आणि प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती.

प्रश्नकर्ता (जळगाव)

धुळ्याच्या सरांचा अंदाज बरोबर निघाला. वजन, पिरियड, बेस शिअर आणि कॉलममधील बले तंतोतंत जुळतात. जुन्या आवृत्तीत गुणक १ होता, नव्या आवृत्तीत अरुंद बाजूने १.३ आला आहे. आधाररहित उंची ३.४५ मीटर आणि अक्षीय बल १२०० किलोन्यूटन आहे.

उत्तर (धुळे)

मग हिशेब हातानेच होतो. पूर्वी ३.४५ भागिले ०.३ म्हणजे ११.५, लांबी आणि जाडीचे हे गुणोत्तर १२ च्या आत असल्याने कॉलम शॉर्ट (आखूड) ठरत होता. आता इफेक्टिव्ह लेंथ सुमारे ४.४९ मीटर झाल्यामुळे गुणोत्तर १५ च्या घरात जाते, कॉलम स्लेंडर (सडपातळ) ठरतो, आणि आयएस ४५६ च्या कलम ३९.७ नुसार घट गुणक लावण्यापूर्वी सुमारे ४० किलोन्यूटन-मीटर जादा मोमेंट येतो. एसपी १६ (आयएस ४५६ च्या डिझाइनसाठीची तक्त्यांची पुस्तिका) मधील आलेखांवर एवढा मोमेंट घेऊन पाहावे. सळई का वाढली ते स्पष्ट दिसेल. जुनी आवृत्ती चुकत होती असे म्हणणेही योग्य नाही, कारण गुणक भरण्याची जबाबदारी तिने वापरणाऱ्यावर सोडली होती. या इमारतीसाठी नवे उत्तर धरावे.

उत्तर (शिरपूर)

धुळ्याच्या सरांशी सहमत आहे, पण नुसती सळई वाढवून थांबू नये, असे मला वाटते. गुणक १.३ येतो याचाच अर्थ तो मजला बाजूला झुकतो. परिशिष्ट ई मधील स्टॅबिलिटी इंडेक्स (मजला किती झुकतो ते सांगणारा आकडा) काढून तो ०.०४ च्या वर किती जातो ते पाहावे. आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार आपला भाग भूकंप झोन तीनमध्ये, म्हणजे ०.१६ च्या गुणकात येतो, आणि उघड्या मजल्यांसाठी तिचे कलम ७.१० निवडक गाळ्यांत (दोन कॉलममधील जागांत) आरसीसी भिंती किंवा ब्रेसिंग (तिरके आधार) मागते. जिना आणि लिफ्टभोवती दोन्ही दिशांना भिंती देता आल्या, तर मजला झुकणे कमी होईल आणि कॉलमवरचा हा जादा मोमेंटही उतरेल. मात्र भिंत आली की भूकंपाचे बल तिच्याकडे ओढले जाते. तिच्याखालची फुटिंग आधीच भरलेली असल्याने, त्या बदललेल्या बलांसाठी ती पुरते का आणि ती काळ्या मातीचा थर ओलांडून मुरमावर टेकली आहे का, हे ठेकेदाराला शटरिंगची परवानगी देण्यापूर्वी तपासावे लागेल.